विश्लेषण : हत्तींसाठी हलकी रायफल, हरणांसाठी त्याहून हलकी... ‘कारामोजो’ बेल यांच्याकडून नेमका कोणता धडा घ्यायचा?

हरणाच्या शिकारीसाठी किती लहान कॅलिबरची रायफल चालते, हा शिकार कायदेशीर असलेल्या देशांतला जुना वाद आहे. या वादात लहान गोळीची बाजू घेणारे एका नावाचा दाखला हमखास देतात. ते नाव म्हणजे वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल, ऊर्फ ‘कारामोजो’ बेल. ज्या माणसाने हलक्या रायफलने हत्ती पाडले, त्याच्या पुढे हरणाचे काय, असा हा युक्तिवाद. मात्र बेल यांचे आयुष्य नीट पाहिले, तर त्यातून निघणारा निष्कर्ष इतका सोपा नाही.

कोण होते बेल?

बेल यांचा जन्म १८८० मध्ये स्कॉटलंडमध्ये, एडिनबर्गजवळच्या एका सधन कुटुंबात झाला. आईवडील लहानपणीच गेले आणि थोरल्या भावंडांनी त्यांना वाढवले. शाळेत त्यांचे मन रमले नाही. तेराव्या वर्षी ते जहाजावर कामाला लागले. किशोरवयातच पूर्व आफ्रिकेत पोहोचून युगांडा रेल्वेच्या कामावर सिंहांपासून संरक्षण करण्याची नोकरी त्यांनी मिळवली. त्यानंतर कॅनडातील युकॉनच्या सोन्याच्या शोधात ते सामील झाले आणि डॉसन शहराला शिकारीचे मांस पुरवू लागले. तिथून कॅनडाच्या घोडदळातून ते बोअर युद्धात गेले.

युद्ध संपल्यावर १९०२ च्या सुमारास ते पुन्हा आफ्रिकेत आले आणि हस्तिदंताच्या व्यापारासाठी हत्तींची शिकार करू लागले. युगांडाच्या ईशान्येकडील कारामोजो प्रदेशात त्यांनी काही वर्षे काढली. त्यावरूनच त्यांना टोपणनाव मिळाले. त्यांच्या स्वतःच्या नोंदींनुसार त्यांनी एकूण १,०११ हत्ती मारले. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक होते आणि शौर्यासाठी त्यांना ‘मिलिटरी क्रॉस’ मिळाला. ‘द वाँडरिंग्ज ऑफ अॅन एलिफंट हंटर’ हे त्यांचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

लहान गोळीने हत्ती कसा पडायचा?

त्या काळात हत्तीसाठी जाड नळीच्या दुनळी बंदुका वापरण्याची पद्धत होती. .५७७ नायट्रो एक्स्प्रेसची गोळी ७५० ग्रेन, म्हणजे सुमारे ४९ ग्रॅम वजनाची. बंदूक जड, खांद्याला बसणारा धक्का जबर आणि आवाज सगळा कळप उधळवून लावणारा. बेल यांनी वेगळी वाट धरली. .३०३, ६.५ मिलिमीटर मानलिखर, .३१८ अशा अनेक रायफली त्यांनी वापरल्या. पण त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली ती ‘.२७५ रिग्बी’. हे मूळचे ७×५७ माउझर या जर्मन सैनिकी काडतुसाचेच इंग्रजी नाव. सुमारे ८०० हत्ती त्यांनी याच काडतुसाने मारल्याचे सांगितले जाते.

त्यांची गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅमची होती. ती लांबट, गोल टोकाची आणि पूर्ण धातूचे कवच असलेली होती. अशी गोळी हाडात शिरताना फुटत नाही की वाकत नाही, ती सरळ आत जाते. हत्तीच्या कवटीचे हाड पोकळ्यांनी भरलेले असते आणि मेंदू खोलवर असतो. तो नेमका कुठे आहे हे समजून घेण्यासाठी बेल यांनी मारलेल्या हत्तींच्या कवट्या करवतीने कापून पाहिल्या. हत्ती समोर, बाजूला किंवा तिरका उभा असेल तर मेंदूपर्यंतची रेषा कुठून जाते, हे त्यांनी पाठ केले. मागून तिरक्या कोनातून मेंदू गाठणारा नेम तर शिकाऱ्यांमध्ये त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जोडीला रायफलचा अखंड सराव होता.

मग ‘लहान गोळी पुरते’ हे खरे की खोटे?

अर्धे खरे. बेल यांची गोळी व्यासाने लहान होती, पण त्या व्यासाच्या मानाने लांब आणि जड होती. गोळीचे वजन आणि तिच्या छेदाचे क्षेत्रफळ यांचे हे प्रमाण जितके जास्त, तितकी ती खोल जाते. बेल यांच्या ७ मिलिमीटर गोळीचे हे प्रमाण हरणासाठी वापरल्या जाणाऱ्या ४८ ग्रेनच्या .२२ कॅलिबर गोळीच्या दुपटीहून अधिक भरते. म्हणजे दोन्हींना ‘लहान कॅलिबर’ म्हटले, तरी त्या एका जातीच्या गोळ्या नाहीत. बेल यांनी मुळात कमी ताकदीची गोळी निवडलीच नव्हती. मेंदूपर्यंत खात्रीने पोहोचणारी आणि अचूक मारता येणारी गोळी त्यांनी निवडली होती.

हरणासाठी वेगळी गोळी का लागते?

हरणाच्या शिकारीत नेम साधारणपणे छातीवर, हृदय आणि फुप्फुसांवर धरतात. तिथे हत्तीच्या कवटीसारखे जाड हाड भेदायचे नसते. न फुटणारी गोळी छातीतून बारीक भोक पाडून आरपार जाते. हरीण जखमी अवस्थेत दूर पळते आणि तासन्तास तडफडत राहते. म्हणून हरणासाठी टोकाला शिसे उघडे असलेली, आत गेल्यावर अळंबीसारखी फुलणारी गोळी वापरतात.

या फुलणाऱ्या गोळीच्या इतिहासात भारताचाही एक धागा आहे. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात ब्रिटिशांनी अशा गोळ्या तयार केल्या आणि ‘डमडम’ हे नाव जगभर गेले. युद्धात त्या अमानुष ठरवून १८९९ च्या हेग परिषदेच्या जाहीरनाम्याने त्यांच्या वापराला मनाई झाली. हरणाच्या शिकारीत मात्र प्राण्याला लवकर मरण यावे म्हणून फुलणारीच गोळी हवी, असा नियम अनेक ठिकाणी आहे.

लहान कॅलिबरमध्ये खरी अडचण इथे सुरू होते. हलकी आणि अतिवेगवान गोळी खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्यावर फुटून तिचे तुकडे होऊ शकतात. जखम मोठी दिसते, पण उथळ राहते. यावर उपाय म्हणजे ताब्यात राहून फुलणारी गोळी. अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘पार्टिशन’ गोळीत शिशाच्या दोन भागांमध्ये धातूचा आडवा पडदा होता. पुढचा भाग फुलायचा, मागचा शाबूत राहून आत जायचा. पूर्ण तांब्याच्या गोळ्या त्यानंतर आल्या.

गोळीइतकेच नळीतील आट्यांनाही महत्त्व आहे. हे आटे गोळीला गरगर फिरवतात आणि त्यामुळे ती सरळ जाते. जुन्या .२२ कॅलिबर वेगवान रायफलींचे आटे सैल, साधारण १४ इंचांत एक फेरा देणारे असत. त्यातून लांब, जड गोळी स्थिर राहत नाही. म्हणजे दुकानात जड गोळी मिळाली, तरी ती प्रत्येक रायफलला चालेलच असे नाही.

बेल स्वतः हरणांसाठी काय वापरत?

आफ्रिका सोडल्यावर बेल स्कॉटलंडच्या उत्तरेला, रॉसशायरमधील गार्व्हजवळ पत्नीसह स्थायिक झाले. तिथे ते रेड डिअर या आपल्या सांबराच्या कुळातील मोठ्या हरणांची शिकार करत. या काळात त्यांना .२२० स्विफ्ट हे काडतूस आवडू लागले. अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने १९३५ मध्ये आणलेल्या या काडतुसाची ४८ ग्रेनची, जेमतेम ३ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे १,२५० मीटर वेगाने निघत असे. रेड डिअरवर ती उत्तम काम करते, असा बेल यांचा अनुभव होता आणि त्यांनी तो लिहिलाही.

पण हा अनुभव कोणाचा, हे विसरून चालत नाही. आयुष्यभर प्राण्यांच्या शरीररचनेचा अभ्यास केलेला, कोन योग्य नसेल तर थांबणारा असा हा नेमबाज होता. वर्षातून चार दिवस रायफल हाती घेणाऱ्या माणसाला तोच निकाल मिळेल, याची हमी त्यात नाही.

कायद्याने काय ठरवले?

बेल यांचे १९५४ मध्ये निधन झाले. त्यानंतर तीन दशकांनी, १९८५ मध्ये, स्कॉटलंडमध्ये हरणांसाठीच्या दारूगोळ्याचे नियम झाले. रेड डिअरसाठी फुलणारी आणि किमान १०० ग्रेनची गोळी सक्तीची झाली. सोबत किमान वेग आणि ऊर्जेची अटही होती. .२२० स्विफ्ट वेग आणि ऊर्जेच्या अटीत बसते, पण वजनात नापास होते. लहान रो हरणासाठी ५० ग्रेनची मर्यादा आहे, तिथेही मूळची ४८ ग्रेनची गोळी दोन ग्रेनने कमी पडते. २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठीची मर्यादा १०० वरून ८० ग्रेनवर आली. वजनाने हलक्या असलेल्या तांब्याच्या, शिसेविरहित गोळ्या वापरता याव्यात हा त्यामागचा हेतू. तरीही बेल यांची आवडती गोळी त्यांच्याच डोंगरांत आज रेड डिअरसाठी बेकायदा आहे. कायदा सर्वोत्तम नेमबाज डोळ्यांसमोर ठेवून नव्हे, तर सर्वसाधारण शिकारी धरून केला जातो.

भारतात या वादाला जागा आहे का?

‘.२७५ रिग्बी’ भारतातही प्रसिद्ध आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल हीच. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चितळ, सांबर यांसारख्या हरणांची शिकार हा गुन्हा आहे. आफ्रिकेतही बेल यांच्या काळातील हस्तिदंताचा व्यापार उरलेला नाही. १९८९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. हजारावर हत्ती मारणारी कारकीर्द आज अभिमानाने सांगण्यासारखी राहिलेली नाही. बेल यांच्याकडून घेण्यासारखे उरते ते एवढेच, की प्राण्याच्या शरीरात गोळी कुठपर्यंत जाईल आणि आत गेल्यावर काय करेल हे आधी पाहायचे, कॅलिबरचा आकडा नंतर. त्याची खात्री नसेल, तर चाप ओढायचा नाही.