नाताळाची कथा ओवीत गाणारे फादर स्टीफन्स

मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली की दत्तभक्तांच्या घरी गुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. चौरंग मांडला जातो, समई उजळते, आणि सात दिवस त्या घरात ओवीचा नाद घुमत राहतो. वाशी, कळंब, भूम, तेर या आमच्या परिसरात तर ओवी ही केवळ ग्रंथातील रचना उरलेली नाही. गोरोबाकाकांच्या या भूमीत ती जात्यावर, पारायणात आणि कीर्तनात वर्षानुवर्षे वावरत आलेली आहे. बहुधा याच दिवसांच्या मागेपुढे ख्रिस्ती बांधवांचा नाताळही येतो. नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. पण नाताळाची कथा मराठी ओवीत आणणारा पुरुष पोर्तुगीज नव्हता. तो होता इंग्लंडमधून आलेला एक संन्यस्त धर्मोपदेशक. फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र आजच्या दिवशी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सागरापार

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथचे राज्य असून कॅथलिक पंथाच्या लोकांस आपला धर्म उघडपणे आचरणे अवघड झाले होते. तरुण स्टीफन्स यांनी देश सोडला, रोम गाठले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात प्रवेश केला. घरदार, संपत्ती व स्वतःची इच्छा गुरूच्या आज्ञेस वाहून टाकणे, हे त्या संघाचे व्रत होय. आपल्या परंपरेतील गुरुसेवेचा आदर्श ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांस या व्रताचे मर्म वेगळे सांगावयास नको.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास उतरले. साडेसहा महिन्यांच्या त्या प्रवासात दीडशेहून अधिक प्रवासी आजारी पडले व २७ जण दगावले. गोव्यास पोचल्यावर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांस त्या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि भारताविषयी कुतूहल असलेल्यांनी आवडीने वाचले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचेच नाव घेतले जाते. यानंतर त्यांनी मायदेश पुन्हा पाहिला नाही. आयुष्याची पुढली चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः दक्षिणेकडील सासष्टीत, वेचली.

जखमी भूमी

ही सासष्टी त्या वेळी कोणत्या अवस्थेत होती, हे सांगितल्यावाचून हे चरित्र प्रामाणिक होणार नाही. स्टीफन्स येण्यापूर्वीच्या वीस वर्षांत पोर्तुगीज सत्तेने तेथील शेकडो देवालये पाडली होती. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा या देवतांना भक्तांनी रातोरात नदीपार, आदिलशाही मुलखात नेले. आज प्रियोळ, कवळे व म्हार्दोळ येथे आपण ज्यांचे दर्शन घेतो, ती ही परागंदा झालेली दैवते. जे लोक गाव सोडून गेले त्यांची भूमी सुटली. जे राहिले व ख्रिस्ती झाले त्यांचे पुराणग्रंथ सुटले. दोहोंचे दुःख खरे होते.

या दुःखाचा स्फोट १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे झाला. देवालयांच्या विध्वंसाने संतप्त झालेल्या ग्रामस्थांनी तेथे आलेल्या पाच जेझुइटांना ठार मारले. अकबराच्या दरबारी राहून आलेले रुडॉल्फ अक्वाविवा हे त्यांत होते. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या प्रमुखांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या केली. सूडाने सूडास उत्तर दिले. आपल्या सहकाऱ्यांचे मृतदेह ताब्यात घेऊन त्यांना मूठमाती देण्याच्या कामात स्टीफन्स होते. राज्यसत्तेच्या आश्रयाने आलेला उपदेश लोकांच्या मनात काय पेरतो, याचा याहून कठोर धडा दुसरा कोणता असणार?

१५८३ चा नाताळ

त्याच वर्षाच्या अखेरीस स्टीफन्स यांच्यापुढे वेगळेच कर्तव्य उभे राहिले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी हे चार इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन कैदी म्हणून गोव्यास आणले गेले होते. एका इटालियन व्यापाऱ्याने मत्सरापोटी त्यांच्याविरुद्ध चुगली केली होती. ते हेर आहेत आणि पोर्तुगालच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या डॉम अंतोनियो याच्या बाजूचे आहेत, असा त्यांच्यावर संशय होता. परक्या मुलखातील तुरुंग, अनोळखी भाषा आणि मायदेशातून मदत येण्याची आशा नाही, अशी त्यांची स्थिती होती.

नाताळाच्या सुमारास कॅथलिक पाद्र्यास उसंत नसते. लोकांचे पापनिवेदन ऐकावयाचे, मध्यरात्रीची, पहाटेची व दिवसाची अशी तीन उपासनाकर्मे करावयाची. दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, संत स्टीफन यांचा सण. त्यानंतर संत योहान यांचा आणि मग हेरोद राजाने मारविलेल्या निरपराध बालकांच्या स्मरणाचा दिवस. अशा गर्दीच्या दिवसांत, ज्यांच्या मायदेशाने आपल्या पंथाचा छळ मांडला आहे, त्या देशाच्या कैद्यांसाठी धावपळ करण्याचे स्टीफन्स यांना कोणतेही बंधन नव्हते. तरीही त्यांनी व ब्रुज शहरातील फादर मार्को यांनी अधिकाऱ्यांकडे रदबदली केली. जामिनाची व्यवस्था झाली आणि २२ डिसेंबर १५८३ रोजी, नाताळास तीन दिवस उरले असता, ते कैदी मोकळे झाले. त्या वेळी गोव्यात असलेला डच प्रवासी लिन्सखोटेन यानेही त्यांना साहाय्य केले. पुढे न्यूबेरी व फिच गोव्यातून निसटून विजापूरमार्गे उत्तरेकडे गेले. फिच मायदेशी परतला, आणि त्याच्या वृत्तांतात या पाद्र्याची परोपकारी आठवण कायमची राहिली.

जुलैत सहकाऱ्यांचे मृतदेह उचलणारे हात डिसेंबरात कैद्यांसाठी जोडले गेले. फादर स्टीफन्स यांच्या स्वभावाचे खरे दर्शन आम्हांस येथे घडते.

गुरू होण्याआधी शिष्य

या दोन घटनांच्या मध्ये, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी बंधू रिचर्ड यांस एक पत्र लिहिले. त्यात भारतीय भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण त्यांनी नोंदविले. युरोपातील पंडितांनी या साम्याचा पद्धतशीर अभ्यास केला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी. परक्या लोकांची बोली म्हणजे गोंगाट, असे मानणारे अनेक असतात. तिच्यातील शिस्त ओळखावयास विद्यार्थ्याचे नम्र मन लागते. स्टीफन्स यांनी कोकणी आत्मसात केली, मराठी ग्रंथांची शैली अभ्यासली आणि ओवीचा छंद आपलासा केला. कोकणी भाषेचे त्यांनी रचिलेले व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले. छापील स्वरूपात आलेले भारतीय भाषेचे पहिले व्याकरण म्हणून ते ओळखले जाते.

वाचकांनी येथे एक योगायोग ध्यानी घ्यावा. स्टीफन्स सासष्टीत मराठीचा अभ्यास करीत होते, त्याच काळात, १५८४ मध्ये, पैठणास संत एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करीत होते. गोदातीरी आणि जुवारी नदीकाठी, एकमेकांस न ओळखणारे दोन साधक एकाच भाषेची सेवा करीत होते.

ख्रिस्तपुराण

सासष्टीतील नवख्रिस्ती लोकांची एक खंत होती. पूर्वजांची पुराणे हातातून गेली, आणि त्यांच्या जागी मिळाली ती प्रश्नोत्तरांची लहानशी धर्मपुस्तिका. मुलांनी ती पाठ करावी, पण संध्याकाळी घरच्यांनी भोवती बसून ऐकावे असे त्यात काही नव्हते. एका ब्राह्मणाने पुराणाची मागणी केली, असा प्रसंग ग्रंथाच्या आरंभीच येतो. या मागणीत अपराध न पाहता स्टीफन्स यांनी तीत भुकेल्या मनाची हाक ऐकली. कथा ऐकल्यावाचून भक्ती जगत नाही, हे सत्य त्यांस उमगले होते.

त्यातून अवतरला तो १६१६ मध्ये राशोल येथे छापलेला ग्रंथ, जो पुढे ख्रिस्तपुराण या नावाने प्रसिद्ध झाला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा ३६ अवस्वरांत येते, तर दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वरांत ख्रिस्तचरित्र येते. अवस्वर म्हणजे अध्याय. एकूण ओव्या अकरा हजारांच्या आसपास आहेत. बेथलेहेमच्या जन्माची कथा दुसऱ्या पुराणात आहे. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द योजावयासही या पाद्र्याने संकोच मानला नाही. मराठी भाषेच्या थोरवीचे जे वर्णन त्यांनी केले, ते तर महाराष्ट्रात ग्रंथापेक्षाही अधिक प्रसिद्ध झाले आहे. परमुलखातून आलेल्या मनुष्याने आपल्या मातृभाषेस रत्नाची व कस्तुरीची योग्यता द्यावी, याने कोणत्या मराठी माणसाचे मन भरून येणार नाही?

अपुरी राहिलेली इच्छा

एक इच्छा मात्र त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. हे ग्रंथ येथल्याच लिपीत छापले जावेत असे त्यांस फार वाटे. १६०८ च्या डिसेंबरात त्यांनी रोममधील संघप्रमुखांस तशी विनंती केली. युरोपीय लिपीस चोवीस खिळे पुरतात, येथल्या अक्षरांस मात्र सहाशेंची गरज भासेल, ही अडचण त्यांनी स्वतःच मांडली आणि ती संख्या पुष्कळ कमी करता येईल असेही सुचविले. ज्या वर्षी हे पत्र गेले त्याच वर्षी मराठवाड्यात जांब येथे समर्थ रामदासांचा जन्म झाला. खिळे काही पडले नाहीत. अकरा हजार मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. १६१९ मध्ये स्टीफन्स गोव्यातच निवर्तले.

ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. ज्या सत्तेने हिंदूंची देवालये पाडली, तिनेच आपल्या ख्रिस्ती प्रजेच्या तोंडची भाषाही हिरावून घेण्याचा प्रयत्न केला. जुन्या छापील प्रती काळाच्या उदरात गडप झाल्या. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांतून. १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये प्रा. शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने तो देवनागरीत अवतरला. १६०८ च्या विनंतीस उत्तर मिळावयास साडेतीन शतके जावी लागली.

आम्ही हे चरित्र सांगतो ते कोणाच्या धर्मप्रसाराची भलामण करण्यासाठी नव्हे. सासष्टीच्या देवतांचे परागंदा होणे विसरता येत नाही, आणि विसरूही नये. पण त्याच जखमी भूमीवर एका परक्या संन्याशाने हाती शस्त्र न घेता पाटी घेतली, हेही तितकेच खरे आहे. पोर्तुगीजांचे किल्ले ढासळले, हुकूम विरून गेले, ओवी मात्र राहिली. भूमी बळाने जिंकता येते. भाषा तशी जिंकता येत नाही, तिच्यापुढे शिष्य होऊनच बसावे लागते. दत्तजयंतीच्या सप्ताहात पोथी उघडताना ओवीचा पहिला चरण ओठांवर येईल, तेव्हा तिच्यासमोर नम्र झालेल्या या दूरदेशीच्या उपासकाचेही आपण क्षणभर स्मरण करू या.