सवड आणि सेवा

समाजासाठी काही करावे असे कोणाला वाटत नाही? परंतु ही इच्छा आणि प्रत्यक्ष कृती यांच्यामध्ये चार कारणे आडवी येतात. नोकरीतून सवड मिळत नाही, खिशात पैसा नाही, लोक काय म्हणतील याची धास्ती वाटते, आणि एकट्याने काय होणार ही शंका सुटत नाही. ही कारणे खोटी असतात असे नव्हे. मात्र ती केवळ आपल्याच वाट्याला आली आहेत, हा समज महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र वाचल्यावर टिकत नाही.

१८५८ साली कोकणात जन्मलेले आणि मुरूड येथे वाढलेले अण्णासाहेब स्वभावाने कमालीचे भिडस्त होते. सभा जिंकणारे वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. लहानपणी सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. मुंबईत शिकवण्या करून त्यांनी पदवी मिळविली. बेताची मिळकत असतानाही तिचा ठरावीक वाटा ते सार्वजनिक कार्यासाठी बाजूला काढीत. शिल्लक उरली तर द्यावयाचे, असा हिशेब त्यांनी मांडला नाही.

१८९१ साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ त्यांच्या वृद्ध आईलाही लागली. लोकनिंदेचे भय आपण नुसते बोलून दाखवितो. त्यांनी ते घरात भोगले.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. कॉलेजातले तास संपले की अण्णासाहेब सुमारे चार मैल पायी चालत, पावसाळ्यात चिखल तुडवीत तेथे जात आणि मुलींना शिकवीत. त्यांनी नोकरी सोडली नव्हती. ती सांभाळूनच हे काम चालले होते. सवड ही मिळत नसते, काढावी लागते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

या कार्याची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरता कामा नये. संसाराची ओढाताण आनंदीबाईंनी, म्हणजेच पूर्वीच्या गोदूबाईंनी, सोसली. त्यांच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले उशिरा लिहावयास शिकल्या आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत अमेरिकेपर्यंत पोहोचल्या. एकट्याने काय होणार, या शंकेचे उत्तर येथे मिळते. एकटा माणूस चालू लागला, तरच दुसऱ्यास त्याच्याबरोबर निघता येते. टीका मात्र दोन्ही बाजूंनी झाली. विधवांच्या शिक्षणास घरोघरचा विरोध कमी व्हावा म्हणून त्यांनी आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून अलिप्त ठेवला, तेव्हा काही सुधारकही नाराज झाले. सर्वांना खूष करीत बसले असते, तर आश्रम उभाच राहिला नसता.

१९१४ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले. दोनच वर्षांनी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. १९२० साली ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने त्यास बळ आले. परंतु तत्पूर्वीची कैक वर्षे लहान लहान वर्गण्यांवरच गेली होती. १९३६ मध्ये, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी ते पुन्हा दारोदार फिरले. १९५८ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यापीठ उभारणे सर्वांना साधणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण आठवड्यातील एक संध्याकाळ वस्तीतल्या मुलांना गणित शिकविण्यासाठी देणे, हे शिक्षकास, कारकुनास वा विद्यार्थ्यास अशक्य आहे काय? हिंगण्याची ती वाट प्रथम एकाच माणसाच्या पावलांनी पडली होती. आपल्या घरापासूनची अशी वाट किती लांब आहे, हे एकदा चालून पाहावयास हरकत नाही.