चार्ल्स मिंगस

दाराएवढं उंच तंतुवाद्य पाहिलंय का? त्याला डबल बास म्हणतात. ते उभं राहून वाजवतात. अमेरिकेतला चार्ल्स मिंगस (जन्म १९२२) त्यात पटाईत. आधी तो चेलो शिकला. पण काळ्या मुलाला मोठ्या वाद्यवृंदात कोण घेणार? म्हणून त्यानं डबल बास धरला. जाझ हे तिकडच्या काळ्या लोकांचं संगीत. त्यात बासवाला मागं उभा राहून साथ करतो. मिंगसनं मात्र तिथूनच सगळा ताफा चालवला. रागीट फार! १९५७ साली अर्कान्सा राज्याच्या गव्हर्नरनं नऊ काळ्या मुलांना शाळेत जाऊ दिलं नाही, तेव्हा मिंगसनं त्याची टर उडवणारी चाल बांधली. पुढं आजारानं हात लुळे पडले, तर चाली तोंडानं गाऊन टेपवर भरल्या. १९७९ साली तो मेक्सिकोत वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे बायकोनं त्याची रक्षा आपल्या गंगेत सोडली.