चौथा कर्णधार

रविवारी सकाळी नातवाला घेऊन मी वसईतल्या एका मैदानावर जातो. तिथे लहान मुलांचे क्रिकेटचे वर्ग चालतात. मुले मैदानात, आणि आम्ही आई-बाबा, आजी-आजोबा कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, चहाचे कप हातात धरून. मध्यंतरी एका रविवारी मुलांच्या हाती बॅट आलीच नाही. सरांनी पुरे दोन तास त्यांना नुसते चेंडू अडवायला, उचलायला आणि फेकायला लावले. माझ्या शेजारचे गृहस्थ अस्वस्थ झाले. एवढी फी भरायची ती काय पोराने चेंडू गोळा करायला, असा त्यांचा सवाल होता. मी काही बोललो नाही. पण घरी परतताना रिक्षात मला कर्नल हेमू अधिकारी आठवले.

माझी उभी हयात बँकेत अधिकारी म्हणून गेली. तिथे अधिकारी पैशाला पासरी होते. खेळातला अधिकारी मात्र मला एकच माहीत होता. आज त्यांचे नाव घेतले तर माझ्या मुलालाही ते ठाऊक नसते. विक्रमांच्या वह्यांत त्यांच्या नावावर फार मोठे काही नाही. २१ कसोटी सामने, ८७२ धावा, एक शतक. पण काही माणसांचा हिशेब त्यांच्या स्वतःच्या खात्यात सापडत नाही, तो इतरांच्या खात्यांत जमा झालेला असतो.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ चा, पुण्याचा. क्रिकेटची घडण बडोद्याकडची. १९३६-३७ च्या हंगामात, वयाच्या सतराव्या वर्षी ते रणजी करंडकात उतरले. पुढे बडोद्याकडून खेळताना त्यांनी धावांच्या राशी घातल्या. पण ज्या वयात फलंदाज फुलून येतो, त्याच वयात जगात महायुद्ध पेटले. कसोटी क्रिकेट थांबले. अधिकारी सैन्यात अधिकारी झाले. पहिली कसोटी त्यांच्या वाट्याला आली ती १९४७ च्या नोव्हेंबरात, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. तेव्हा त्यांचे वय २८ होते. समोर ब्रॅडमनचा संघ आणि लिंडवॉल-मिलरचा मारा. भल्याभल्यांची त्रेधा उडाली. त्याच दौऱ्यात अ‍ॅडलेडला विजय हजारे यांनी दोन्ही डावांत शतके काढली, हे सगळ्यांना आठवते. दुसऱ्या डावात हजाऱ्यांना साथ देत ५१ धावा काढणारा माणूस कोण, हे कुणाला आठवत नाही. तो अधिकारी.

हीच त्यांची रीत झाली. वरची फळी कोसळली की हा माणूस खाली पाय रोवून उभा. १९४८ च्या नोव्हेंबरात दिल्लीला स्वतंत्र भारताची मायदेशातली पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडिजने ६३१ धावांचा डोंगर रचला होता. त्याला उत्तर देताना अधिकाऱ्यांनी नाबाद ११४ धावा काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला. चार वर्षांनी त्याच दिल्लीत पाकिस्तान आपली पहिलीवहिली कसोटी खेळायला उतरले. भारताचे नऊ गडी २६३ धावांत बाद झाले होते. अकराव्या क्रमांकावर आले ऑफस्पिनर गुलाम अहमद. या शेवटच्या जोडीने १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमद ५० वर बाद झाले, अधिकारी ८१ वर नाबाद राहिले. साथीला कुणी उरले असते तर कदाचित शतक झाले असते. भारताने तो सामना डावाने जिंकला.

संघातली त्यांची जागा मात्र कधी पक्की झाली नाही. कधी आत, कधी बाहेर. त्या काळात ते सेनादलाच्या संघाचे नेतृत्व करीत राहिले. सेनादल म्हणजे काही मुंबई नव्हे. तिथे खेळाडू पिकत नाहीत, ते घडवावे लागतात. आज इथे तर उद्या सीमेवर, अशा जवानांतून त्यांनी संघ उभा केला आणि १९५६-५७ व १९५७-५८ अशा लागोपाठ दोन वर्षी रणजीच्या अंतिम फेरीत नेला. एकदा मुंबईने हरवले, एकदा बडोद्याने. करंडक हुकला, पण प्रशिक्षक अधिकाऱ्यांचा जन्म तिथेच झाला, असे मला वाटते.

मग आला १९५८-५९ चा तो नामुष्कीचा मोसम. वेस्ट इंडिजचे हॉल आणि गिलख्रिस्ट आग ओकत होते आणि आपल्याकडे खुर्चीचा खेळ चालला होता. मुंबईला पॉली उम्रीगर कर्णधार. कानपूर आणि कोलकात्याला गुलाम अहमद. मद्रासला पुन्हा उम्रीगरांची नेमणूक झाली, पण संघनिवडीतल्या हस्तक्षेपावरून त्यांनी सामन्याच्या तोंडावर राजीनामा दिला आणि विनू मंकड उभे राहिले. पाचव्या कसोटीसाठी, त्या मालिकेत तोवर एकही सामना न खेळलेल्या एकोणचाळीस वर्षांच्या लष्करी अधिकाऱ्याला बोलावणे गेले. मालिका हरलेली, संघात धुसफूस, आणि गाडा ओढायला चौथा कर्णधार.

अशा वेळी मान मिळाला म्हणायचे की बळीचा बकरा झालो म्हणायचे? या प्रश्नाची मला थोडी ओळख आहे. नोकरीत असताना एका आडगावच्या शाखेत आमचे व्यवस्थापक अचानक रजेवर गेले. त्यांच्या जागी येणाऱ्याने प्रकृतीचे कारण पुढे केले, त्यानंतरच्याने बदली रद्द करून घेतली. तपासणी तोंडावर, आणि तिजोरीच्या किल्ल्या माझ्या हातात. तीन महिने मी शाखा चालवली. मग कायमचा माणूस आला आणि मी माझ्या जुन्या टेबलावर परत गेलो. कुणी आभारही मानले नाहीत. मी पुढे बरीच वर्षे ते मनात धरून बसलो.

अधिकाऱ्यांनी काय केले पाहा. दिल्लीच्या त्या कसोटीत त्यांनी ६३ आणि ४० धावा काढल्या. एवढेच नव्हे तर स्वतः लेगब्रेक टाकून तीन गडी बाद केले. कसोटीतले त्यांचे सगळे बळी एवढेच. चंदू बोर्डे यांनी १०९ आणि ९६ धावा करून तो सामना गाजवला आणि तो अनिर्णित राहिला. अधिकाऱ्यांची ती शेवटची कसोटी. त्याच वर्षी इंग्लंडला गेलेल्या संघाचे कर्णधारपद दत्ता गायकवाडांकडे गेले. अधिकारी सैन्यातल्या आपल्या कामावर परतले.

बारा वर्षांनी ते पुन्हा लोकांसमोर आले, १९७१ च्या इंग्लंड दौऱ्याचे व्यवस्थापक म्हणून. त्या काळी संघाबरोबर वेगळा प्रशिक्षक नसे. कर्नलसाहेबांनी ती जबाबदारी आपणहून उचलली. धावणे, व्यायाम, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्षेत्ररक्षण. आपल्याकडे क्षेत्ररक्षण ही बॅट आणि चेंडू यांच्यामधली सक्तीची विश्रांती समजली जाई. अधिकारी स्वतः कव्हरचे उत्तम क्षेत्ररक्षक. त्यांनी झेल आणि फेकीचा सराव कवायतीसारखा घेतला.

त्याचे फळ ओव्हलवर दिसले. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपला, हे शाळकरी पोरालाही पाठ होते. पण चंद्राचा भेदक चेंडू आणि बळी यांच्यामध्ये कुणाचे तरी हात होते. अ‍ॅलन नॉट हा चिवट यष्टिरक्षक-फलंदाज वेंकटच्या चेंडूवर बाद झाला, तो एकनाथ सोलकरने पुढे झेपावून पकडलेल्या झेलामुळे. २४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थी. ओव्हलवर बेला नावाची हत्तीण फिरवली गेली होती. इकडे वसईत आमच्या घरी संध्याकाळची आरती खोळंबली होती, कारण वडील रेडिओपासून हलायला तयार नव्हते. जिंकल्याचे कळल्यावर झालेल्या आरतीतल्या झांजांचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९७४ साली तोच कर्णधार अजित वाडेकर, तेच व्यवस्थापक अधिकारी, तोच इंग्लंड. तिन्ही कसोटी आपण हरलो. लॉर्ड्सवर दुसरा डाव ४२ धावांत आटोपला. शाळेत आम्ही पोरे त्याला बेचाळीसची चळवळ म्हणून खिदळत होतो. इंदूरला १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून उभारलेली काँक्रीटची बॅट लोकांनी विद्रूप केली. म्हणजे तीच शिस्त एकदा गणपती घेऊन आली आणि एकदा शिमगा. शिस्तीने सगळेच साधते, असे म्हणणाऱ्यांनी हा दौराही लक्षात ठेवावा. मने फाटली असतील तर पहाटेची धाव ती शिवू शकत नाही.

वाडेकरांची कारकीर्द तिथे संपली. अधिकाऱ्यांनीही घरी बसायला हरकत नव्हती. पण ते तरुणांच्या शिबिरांकडे वळले. कपिलदेव, सय्यद किरमाणी, रवी शास्त्री यांच्या घडणीत त्यांचा हात मानला जातो. १९८३ च्या विश्वचषकाच्या संघात हे तिघेही होते. त्या विजयाच्या छायाचित्रांत कर्नल कुठेच नाहीत.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत ते गेले. पुढच्याच वर्षी ढाक्याला सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी शेवटच्या गड्यासाठी १३३ धावा जोडल्या, तेव्हा त्यांचा आणि गुलाम अहमदांचा विक्रम ५२ वर्षांनी मोडला.

पुढच्या रविवारी मुलांना पुन्हा बॅट मिळाली नाही. या वेळी शेजारच्या गृहस्थांनी तोंड उघडताच मी त्यांना ही सगळी हकिगत सांगितली. ऐकता ऐकता त्यांचा चहा निवला. मग त्यांनी मैदानाकडे पाहिले. त्यांचा मुलगा पळत जाऊन वाकला होता, आणि चेंडू त्याच्या हातात होता.