महाक्षत्रप रुद्रदामन

जुनागडाहून गिरनारकडे जातांना वाटेंत एक प्रचंड शिळा लागते. तिच्यावर अशोकाच्या धर्माज्ञा कोरलेल्या आहेत, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्याच शिळेवर एका फुटलेल्या धरणाची व तें पुन्हां बांधविणाऱ्या राजाची हकीकत आहे, हें थोड्यांसच ठाऊक असतें. तो राजा म्हणजे महाक्षत्रप रुद्रदामन.

हा शकवंशी राजा चष्टनाचा नातू व जयदामनाचा पुत्र. महाक्षत्रप ही पदवी त्यानें स्वपराक्रमानें मिळविली. माळवा, सुराष्ट्र, कच्छ व अपरान्त म्हणजे उत्तर कोंकण, हे प्रांत त्याच्या सत्तेखालीं होते. दक्षिणेच्या सातकर्णीस त्यानें दोनदां जिंकलें. तथापि आप्तसंबंध स्मरून त्याचा नाश केला नाहीं. व्याकरण, संगीत व न्याय या विद्यांत तो निपुण होता, आणि रणांगणाखेरीज मनुष्यवध न करण्याचें त्याचें व्रत होतें, असें तो लेख सांगतो.

गिरनारच्या पायथ्याशीं सुदर्शन नांवाचा तलाव होता. त्याचें मातीदगडांचें धरण चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त यानें घातलें, व अशोकाच्या कारकीर्दींत तुषास्फानें त्यास पाट जोडले. पुढें सुमारें साडेचारशें वर्षांनीं, इ. स. १५० च्या सुमारास, मार्गशीर्षांत भयंकर तुफान होऊन सुवर्णसिकता व पलाशिनी या नद्यांना महापूर आला. मातीचें धरण पाण्याचा भार सोसतें. पण एकदां का पाणी बांधावरून वाहूं लागलें, कीं ओघळीचें भगदाड होण्यास वेळ लागत नाहीं. ४२० हात लांब, तितकेंच रुंद व ७५ हात खोल असें खिंडार पडलें. तलाव रिता होऊन तेथें वाळवंट दिसूं लागलें.

एवढें काम होणें नाहीं, असें म्हणून सचिवांनीं अंग काढून घेतलें. प्रजा हताश झाली. तेव्हां रुद्रदामनानें सुविशाख नामक पह्लव अधिकाऱ्याच्या हातीं तें काम सोंपविलें. कर वाढविला नाहीं, वेठ धरली नाहीं, नजराणे उकळले नाहींत; सारा खर्च स्वतःच्या खजिन्यांतून केला, आणि धरण पूर्वीच्या तिप्पट बळकट झालें.

पुढें इ. स. ४५५ मध्यें तें पुन्हां फुटलें, व स्कंदगुप्ताचा अधिकारी चक्रपालित यानें तें दुरुस्त केलें. यावरून दिसतें, कीं लोकोपयोगी काम एकदां उभारून संपत नाहीं. प्रत्येक पिढीस तें नव्यानें राखावें लागतें. विद्यार्थीमित्रहो, रुद्रदामनानें जिंकलेलीं राज्यें कधींच लयास गेलीं. परंतु दीनांवर भार न घालतां त्यानें केलेली ही दुरुस्ती शिळेनें अद्याप जपून ठेविली आहे.