काळ्या कणांचा माग : बेगमपेठेतले डॉ. रोनाल्ड रॉस

काचीगुड्याहून नल्लाकुंट्याकडे गेले की फीव्हर हॉस्पिटल लागते. आमच्या घरांतली जुनी माणसे त्याला अजून ‘कोरंटी दवाखाना’च म्हणतात. त्याच्या अधिकृत नावात मात्र सर रोनाल्ड रॉस आहेत. बेगमपेठेत जुन्या विमानतळाजवळ त्यांच्या स्मृतीची एक इमारतही आहे. दरवर्षी २० ऑगस्टला जगभर डास दिन पाळतात, तो याच बेगमपेठेत घडलेल्या एका गोष्टीमुळे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींपैकी कित्येकांना ती गोष्ट नीट माहीत नसते. म्हणून रॉस यांची ही ओळख.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला झाला. वडील लष्करी अधिकारी, आणि दहा भावंडांत हे थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. त्यांचा ओढा कविता, चित्रकला आणि गणित यांकडे होता, पण वडिलांच्या आग्रहाखातर ते डॉक्टर झाले. १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. बंगळूरला असताना बंगल्यात डास फार झाले, तेव्हा त्यांनी शोध घेतला आणि पाण्याच्या पिंपात अळ्या सापडल्या. पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. त्या वेळी डासांचा हिवतापाशी काही संबंध असेल, हे त्यांच्या मनातही नव्हते.

हिवताप खराब हवेतून येतो, असाच तेव्हा समज होता. १८८० मध्ये लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला. या तापाने मेलेल्या माणसांच्या प्लीहेत काळसर रंग साचतो, हे आधीच्या डॉक्टरांना ठाऊक होते. लाव्हेराँ त्याच काळ्या कणांचा माग काढत परजीवीपर्यंत पोहोचले. रॉस यांना मात्र हे पटले नव्हते, कारण त्यांनी स्वतः शोधले तेव्हा त्यांना काही सापडले नव्हते. १८९४ मध्ये लंडनला डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दाखवला, तेव्हा रॉस यांनी आपली चूक मान्य केली. डास हा परजीवी रक्तातून उचलत असावा, हा मॅन्सन यांचा अंदाज होता. मात्र डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला ताप येतो, असे त्यांना वाटे. अंदाजाचा पहिला भाग खरा होता, दुसरा चुकीचा.

१८९५ मध्ये रॉस सिकंदराबादेच्या छावणीत पलटणीचे डॉक्टर म्हणून आले. रुग्णांना डास चाववायचे आणि मग त्या डासांची पोटे उघडून पाहायची, असे काम सुरू झाले. मध्येच त्यांची बंगळूरला बदली झाली. पुढे निलगिरीच्या पायथ्याशी गेले असताना त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. १८९७ च्या जूनमध्ये ते परत आले. उन्हाळा कडक होता. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. पंखा लावावा तर वाऱ्याने डास उडून जायचे. आणि एवढे करून ते ज्या जातींचे डास तपासत होते, त्या माणसाचा हिवताप पसरवणाऱ्या नव्हत्याच.

ऑगस्टच्या मध्यावर त्यांच्या हाती वेगळे डास आले : तपकिरी, पंखांवर ठिपके असलेले. म्हणजे अ‍ॅनोफेलीस. १६ ऑगस्टला ते हुसेन खान नावाच्या रुग्णाला चाववले. त्यासाठी हुसेन खानला डासामागे एक आणा मिळत असे. २० तारखेपर्यंत बरेच डास मेले होते. उरलेल्यांपैकी एकाचे पोट उघडले, तेव्हा जठराच्या भिंतीत गोल पेशी दिसल्या आणि त्यांच्या आत काळे कण. माणसाच्या रक्तातल्या परजीवीत दिसणारेच हे कण होते. दुसऱ्या दिवशी शेवटच्या डासात त्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या दिसल्या. परजीवी डासाच्या शरीरात जिवंत होता आणि वाढत होता.

या कणांनी ओळख कशी पटवली, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या तांबड्या पेशी हिमोग्लोबिनने भरलेल्या असतात. परजीवी पेशीत शिरतो आणि हे हिमोग्लोबिन खातो. त्यातला लोहयुक्त भाग त्याला विषारी असतो. तो बाधू नये म्हणून परजीवी त्याचे काळपट स्फटिक करून बाजूला ठेवतो. रॉस यांनी पाहिले ते हेच. क्लोरोक्विन हे औषध स्फटिक होण्याच्या याच क्रियेत अडथळा आणते.

रॉस यांना दिसू न शकलेली आणखी एक गोष्ट पुढच्या शास्त्रज्ञांनी उलगडली. तांबड्या पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे तिला नवी प्रथिने घडवता येत नाहीत. म्हणून परजीवी आपलीच शेकडो प्रथिने तिच्यात पाठवतो. काही प्रथिनांमुळे पेशीच्या आवरणातून पोषक द्रव्ये आत येऊ लागतात. सर्वांत घातक अशा फाल्सिपेरम जातीत काही प्रथिने आवरणावर बारीक उंचवटे तयार करतात, आणि त्यांवरच्या एका चिकट प्रथिनामुळे पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून राहते. ती वाहत प्लीहेत गेली असती तर तिथे गाळली गेली असती. भिंतीला चिकटल्यामुळे आतल्या परजीवीला वाढायला सुमारे ४८ तास मिळतात, आणि मग पेशी फुटून नवे परजीवी बाहेर पडतात. अशा पेशींनी मेंदूतल्या बारीक वाहिन्या तुंबल्या की रोगी बेशुद्ध होतो. घराघरांत भीती असलेला मेंदूचा मलेरिया तो हाच.

शोध लागून महिनाभर होतो न होतो तोच रॉस यांची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला झाली. तिथे हिवतापाचे रुग्णच मिळेनात. मॅन्सन यांच्या खटपटीने १८९८ मध्ये त्यांना कलकत्त्यात संशोधनाचे काम मिळाले. तिथे किशोरीमोहन बंदोपाध्याय त्यांचे साहाय्यक होते. पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करताना जुलैमध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडला. म्हणजे रोग पाण्यातून नव्हे, दंशातून येतो, हे सिद्ध झाले. माणसाच्या बाबतीत हे चक्र त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण दाखवले. श्रेयावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात कडवट वाद झाला, आणि रॉस यांच्या मनातला तो कडवटपणा अखेरपर्यंत गेला नाही.

१९०२ मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले, लाव्हेराँ यांना १९०७ मध्ये. रॉस यांनी पुढे गणिताचा आधार घेऊन आणखी एक गोष्ट दाखवली : हिवताप हटवायला सगळे डास मारावे लागत नाहीत, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरते. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

रॉस स्वभावाने हट्टी आणि भांडखोर होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण लाव्हेराँ यांच्या बाबतीत आपण चुकलो हे त्यांनी मान्य केले नसते, तर बेगमपेठेत ते काळे कण त्यांना ओळखूच आले नसते. त्यांच्याबरोबर हुसेन खानचीही आठवण ठेवावी, असे आम्हाला वाटते. तापाने फणफणलेल्या त्या माणसाने हात पुढे केला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

शहरात हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफेलीस आजही गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत अंडी घालतो. येत्या २० ऑगस्टला मुलांना घेऊन बेगमपेठेची ती इमारत जरूर पाहून या. आणि घरी आल्यावर टाकीचे झाकण नीट बसले आहे ना, तेही बघा.