ठेवीदारांचे चिंतामणराव

रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १८९६ मध्ये जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनी केंब्रिजला अभ्यास केला तो निसर्गविज्ञानाचा. वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही मिळविले. पुढे ते आय. सी. एस. झाले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. बँका बुडून ठेवीदार नागवले जात, त्या काळात त्यांच्याच कारकिर्दीत १९४९ चा बँकिंग कायदा झाला. त्याने बँकांचे परवाने आणि तपासणी रिझर्व्ह बँकेच्या हाती आली. १९६६ मध्ये सहकारी बँकाही त्याच्या कक्षेत आल्या. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. कराडच्या सहकारी बँकेत पगारातून शिल्लक टाकणाऱ्या शिक्षकाला आधार या कायद्याचा आहे. पण कायदा राबविणारा खुर्चीला चिकटलेला असेल, तर तो आधार कागदावरच राहतो.